शिरगुप्प्यांचे स्पीकर

काकू चहा ठेवायला आत गेल्या आणि तात्या उठले. गुडघ्यावर हात टेकून डाव्या स्पीकरच्या मागं वाकले, पाठीवरच्या दोन स्क्रूंशी काहीतरी खटपट केली आणि मिनिटभरात परत येऊन माझ्याशेजारी खुर्चीत बसले. बोटांना लागलेली धूळ धोतराला पुसली.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"काही नाही. वायर सैल होती. तू गप बस."

मी गप बसलो. आयुष्यात जी मोजकी कामं मी मन लावून केली, त्यांतलं हे एक.

ही एक्क्याण्णव सालची, डिसेंबरातली गोष्ट. सांगलीच्या खणभागात शिरगुप्प्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाबूराव शिरगुप्पे वारून चार महिने झाले होते. हळद बाजारात ते तोलाईदार होते. सौद्यात विकलेली पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. आणि घरी आल्यावर अंगाची हळद धुऊन माणूस गाणं ऐकायला बसायचा. ऐकायचा तेही स्वतः बांधलेल्या स्पीकरांवर. एका पाडलेल्या गोदामाच्या सागवानी दारांच्या फळ्या आणून त्यांनी कमरेएवढ्या दोन पेट्या केल्या होत्या. आतले कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारे कागदी शंकू, कुठून कुठून मिळवले होते, दहादा बदलले होते, पेट्यांत कधी कापूस भरून, कधी काढून बघितला होता. बावीस वर्षं हे चाललं होतं.

गावात आमचं एक मंडळ होतं. सात-आठ जण रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचो. शास्त्रीय संगीत ऐकायला जमतो, असं लोकांना सांगायचो. खरं तर एकमेकांचे सेट ऐकायला जमायचो. गाणं तोंडी लावण्यापुरतं. डॉक्टर हसबनिसांच्या मेव्हण्यानं परदेशातून सेट आणला होता. त्यावर कुणीही गायलं तरी आम्ही माना डोलवायच्या आणि डॉक्टरांनी "खर्ज बघा, खर्ज" म्हणायचं. कानसेन म्हणवून घ्यायची हौस सगळ्यांना होती. बाबूरावांनी एकदा मंडळात येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले होते, "पोत्यांचा काटा धरणाऱ्याला श्रुतींचं काय कळणार?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर मात्र मी एकटाच, मंडळाला न सांगता, तीन-चार वेळा बाबूरावांकडं जाऊन ऐकून आलो होतो.

तात्या म्हणजे दिगंबर तांबवेकर. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. रेडिओ, टेप, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसायचं वेड त्यांना होतं आणि हातात कसबही होतं, हे मान्य करायला पाहिजे. त्यांच्या तोंडून शब्द पडला की मंडळात तो शेवटचा. मी सिटी सर्व्हे ऑफिसातला कारकून, भालचंद्र मगदूम. मंडळात ज्याच्याकडं सेटच नाही असा मी एकटा. माझ्याकडं रेडिओ होता, आणि बारा तबकड्या होत्या ज्या मी इतरांच्या घरी नेऊन ऐकायचो. एकदा डॉक्टर चारचौघांत म्हणाले, "मगदूम, तबकड्या आधी आणि सेट मागनं? म्हणजे घोड्याआधी नाल झाली." तात्यांनी ते मनावर घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या पगारात तुला असा सेट लावून देतो, की या हसबनिसाचं तोंड कडू झालं पाहिजे."

दोन वर्षं आम्ही तो सेट जमवत होतो. तात्यांचं एक सूत्र होतं, आणि ते खरं होतं: पैसा थोडा असेल तर निम्मा स्पीकरांत घालायचा, बाकीचं जुनंपुराणं चालतं. टर्नटेबल पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलं. त्याची मोटर एका मशीनची आणि पिन धरणारा हात दुसऱ्याचा. अ‍ॅम्प्लिफायर तात्यांनी स्वतः बांधला, त्यातला ट्रान्सफॉर्मर तंबूतल्या सिनेमावाल्यानं भंगारात काढलेला. सगळं बसवलं बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. दिसायला ध्यान होतं, पण आवाज स्वच्छ होता. मग राहिले स्पीकर. चांगल्या स्पीकरांच्या किमती ऐकल्या की मी विषय बदलायचो. बायकोनं, त्रिशलानं, त्या उन्हाळ्यात पंखा नको म्हणून सांगितलं होतं. तरीही जमलेल्या पैशात मनासारखा एकच स्पीकर आला असता.

तेवढ्यात शिरगुप्पे काकूंचा निरोप आला. शेजारच्या मास्तरांबरोबर त्यांनी सांगून पाठवलं होतं: मगदुमांना म्हणावं, सवड काढून एकदा येऊन जा, स्पीकरांचं बोलायचं आहे. त्याच संध्याकाळी मी तात्यांकडं धावलो. आपल्या अकलेवर भरवसा नसला की माणूस दुसऱ्याची अक्कल सोबत घेऊन जातो. एकटा गेलो असतो तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

दार उघडल्यावर काकूंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तात्यांकडं.

"हे आमचे तात्या तांबवेकर. यातले जाणकार आहेत," मी म्हटलं.

"या की," त्या म्हणाल्या. "बसा."

खोलीत बाबूरावांचं सगळं होतं तसं होतं. समोरच्या भिंतीला लागून दोन सागवानी पेट्या, त्या दोन्हींच्या मधोमध भिंतीवर हळद व्यापाऱ्यांचं कॅलेंडर, बाजूच्या फळीवर टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर, खाली उभ्या लावलेल्या शंभरएक तबकड्या. एका खुर्चीवर ताजी माळ घातलेला बाबूरावांचा फोटो ठेवला होता. तात्यांनी पेट्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांचे डोळे चमकलेले मी पाहिले. लगेच त्यांनी नाक मुरडलं.

काकू आमच्यासमोर जमिनीवर बसल्या. पासष्टीच्या, बारीक, हाताला काम असल्याशिवाय न बसणाऱ्या. तेव्हाही तांदूळ निवडत होत्या.

"जावईबापू म्हंतात इचलकरंजीला चला, हितं एकट्या कशाला ऱ्हाताय," त्या म्हणाल्या. "म्हणून हे काढायचं. पण पैशाचं मागनं बघू. मगदूम, मला आधी एक सांगा. ह्यांनी बावीस वर्सं ह्यात घातली. सणाला लुगडं म्हटलं की पुढच्या वर्सी. श्रवणबेळगोळला चला म्हटलं की पुढच्या वर्सी. आणि रोज सांजचं हितं बसायचे आणि मला हाका मारायचे. इंदू, ये की गं, बघ, गाणारी मधे येऊन बसलीया. मला सैपाक टाकून कुठं बसायला होतंय? आणि कधी आलेच, तर उभ्या उभ्या. मला आपलं कॅलेंडरच दिसायचं."

त्या जराशा हसल्या. मग हातातलं सूप खाली ठेवलं.

"भांडले मी लई. शेवटच्या आजारपणात सुदिक भांडले. आता तुम्ही जाणती माणसं. तुम्ही ऐका आणि मला खरं सांगा. हे चांगलं हुतं, का माणूस नुसताच येडा हुता?"

एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या अंगावर काटा आला होता. आणि त्याच वेळी, लपवून काय उपयोग, पेट्यांवरनं माझी नजर हलत नव्हती.

"ऐकून सांगतो की," तात्या गोड आवाजात म्हणाले. "आधी चहा होऊ द्या."

काकू आत गेल्या आणि वर सांगितलेला प्रकार झाला.

चहा आला. काकूंनीच एक तबकडी काढली, पदरानं पुसली, नवरा पुसायचा तशीच पुसली असणार, आणि लावली. सकाळची तोडी होती. बाबूरावांनी मला हीच तबकडी ऐकवली होती. तेव्हा पहिल्या षड्जालाच मी दचकून कॅलेंडरकडं बघितलं होतं, कारण बाई तिथं, त्या भिंतीसमोर, हातभर अंतरावर बसल्यासारखी गात होती. मागं तंबोरे, उजवीकडं जरा खाली तबला. बाबूराव म्हणाले होते, "मगदूम, तागडीचा काटा मधे आला की माल खरा. आवाजाचं पण तसंच."

त्या दिवशी मधे कुणी आलंच नाही. बाईचा आवाज दोन्ही पेट्यांतून पातळ होऊन खोलीभर पसरला, कुठून येतो तेच कळेना. तबल्याचा डग्गा पोकळ. तंबोऱ्यांचा खर्ज गायब. विहिरीत पत्रा वाजावा तसं काहीतरी.

मला एक मिनिटही लागलं नाही. हे ज्ञान मला तात्यांनीच दिलं होतं. दोन्ही स्पीकरांचे कोन एकाच वेळी पुढं आणि एकाच वेळी मागं हलायला हवेत. एकाच्या मागची लाल वायर काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी लावली, की एक कोन पुढं येताना दुसरा मागं जातो. पोतं दोघांनी उचलायचं आणि एकानं वर ओढताना दुसऱ्यानं खाली दाबायचं, तसा प्रकार. खर्ज मरतो, मधला गाणारा विरघळून जातो. बिघडत काहीच नाही. वायर परत फिरवली की सगळं पहिल्यासारखं. पण ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, स्पीकर कामातून गेले.

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. डोळे मिटून मान किंचित हलवत होते, दुखणं ऐकणाऱ्या वैद्यासारखे.

"काय म्हणावं, काकू," शेवटी ते म्हणाले. "कष्ट केलेत माणसानं, दिसतंय. पण कोन बसलेत. लाकूड फुगलंय. मुळात पेटीचं मापच चुकलंय, त्यामुळं आवाज घुमतो. गाणारी मधे बसते म्हणायचे ना? तुम्हाला दिसली का आत्ता?"

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"मग? तुमचे कान चांगले आहेत. त्यांना वाटत असेल. स्वतः बांधलेलं होतं. आपलं पोर कुणाला वाईट दिसतं?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. बाबूराव जिवानिशी गेले होते, आणि तात्यांना पेटीचं माप चुकलेलं दिसत होतं. डोळ्यांसमोर ते उत्तम स्पीकर होते, आणि ते उत्तम आहेत हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

काकू तात्यांकडं बघत नव्हत्या. त्या माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही सांगा, मगदूम. तुम्ही ह्यांच्याकडं यायचासा. तुम्ही ऐकलंय."

उठून दोन स्क्रू ढिले करायचे आणि वायरी फिरवायच्या, इतकंच काम होतं. मला ते येत होतं. पण मग तात्यांचं नाक कापलं जाणार होतं, आणि स्पीकरांची खरी किंमत निघणार होती, आणि त्या किमतीला मी ते घेऊ शकत नव्हतो. हे तिन्ही विचार माझ्या मनात स्पष्ट, एकापाठोपाठ एक आले. गोंधळलो होतो असं म्हणायलाही जागा नाही.

"तात्या म्हणतात ते बरोबर आहे, काकू," मी म्हटलं.

मूग गिळून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी तर तोंड उघडून बोललो.

काकूंनी तबकडीवरची पिन स्वतःच उचलली. पिन तबकडीवर खरवडली, आणि आम्ही दोघेही सवयीनं कळवळलो. तबकडीसाठी. किळस यावी अशी माणसं होतो आम्ही.

"म्हंजे येडाच हुता माणूस," काकू म्हणाल्या. रडल्या नाहीत. फोटोकडं बघून एवढंच म्हणाल्या, "बगा. मी म्हणत नव्हते?"

किमतीवर त्या काही बोलल्याच नाहीत. तात्या म्हणाले, लाकडाचे म्हणून सहाशे द्यावेत. काकू म्हणाल्या, द्या काय द्यायचं ते. दुसऱ्या दिवशी हातगाडीवर घालून मी पेट्या घरी आणल्या. हातगाडीवाला वाटेत म्हणाला, "साहेब, जुन्या सागाला मरण न्हाई बघा." मी त्याला लवकर चल म्हणून सांगितलं.

घरी पेट्या लागल्या. लाल वायर लालला, काळी काळीला. पहिली तबकडी लावली आणि माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीसमोर, बाई येऊन बसली. मी उभाच राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते पश्चात्तापाचं नव्हतं, आनंदाचं होतं. असा आवाज डॉक्टर हसबनिसांकडं नव्हता, कुणाकडंच नव्हता. त्रिशला दारात येऊन थोडा वेळ ऐकत राहिली. म्हणाली, "अगं बाई, ह्या इथंच बसल्यात की." तिला न सांगता, न शिकवता ते कळलं. काकूंनाही कळलं असतं.

मंडळाचा रिवाज होता. नवा सेट लागला की पहिली बैठक त्या घरी, आणि बैठकीत सेटची परीक्षा. आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून बैठक दुपारची ठेवली. त्रिशलानं शिरा केला आणि लसूण न घालता भडंग केलं. सगळे आले. बिस्किटांच्या डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर बघून डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग माझ्याकडची तोडी सुरू झाली आणि ते हसायचे थांबले. अर्धी तबकडी झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. दुसरी बाजू लावा म्हणाले. तिसऱ्या तबकडीनंतर त्यांचं तोंड खरोखरच कडू झालं होतं.

"कुठले हो स्पीकर, तात्या?"

तात्या याच प्रश्नाची वाट बघत होते. शिऱ्याची बशी हातात घेऊन, मांडी घालून, त्यांनी सगळी हकिगत सांगितली. "काकू चहाला आत गेल्या, मी असा वाकलो, वायरी अशा फिरवल्या." बाबूरावांचं "गाणारी मधे बसते" त्यांनी आवाज काढून, हेल काढून सांगितलं. काकूंचं "येडाच हुता माणूस" पण सांगितलं. खोली हसण्यानं भरून गेली. डॉक्टर म्हणाले, "तात्या, तुम्ही सर्जन व्हायला पाहिजे होतं. पेशंटला कळलंसुद्धा नाही." पुन्हा हशा. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालं, "आणि हा आमचा मगदूम, दिसतो गरीब!" मी हसलो. तोंडात भडंग होतं, तरी हसलो.

त्या हसणाऱ्या तोंडांकडं बघताना मला शिसारी आली. ज्यांच्यात बसायला मिळावं म्हणून मी दोन वर्षं पै पै जमवली, ती ही माणसं. एखाद्या वेळी कोमल ऋषभ जरा चढा लागला तर अस्वस्थ होणारे हे कान. आणि मी त्यांत सगळ्यांत वाईट, कारण त्यांच्यापैकी कुणाला काकूंनी नाव घेऊन विचारलं नव्हतं.

त्रिशला भडंगाची परात घेऊन दारात उभी होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. पाहुणे गेल्यावर तिनं बश्या गोळा केल्या, आणि मग म्हणाली, "त्या बाईंना नंतर कुणी सांगितलं का?"

"काय?"

"की नवरा येडा नव्हता म्हणून."

"सांगेन मी," मी म्हटलं.

"कधी?"

"पुढच्या रविवारी जातो."

पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कामं होती, संक्रांत आली, थंडी होती, असं मी तिला सांगत गेलो. ती एकदाही परत विचारायला आली नाही. फक्त सेट लागला की उठून मागच्या अंगणात जायची. मी काय करत होतो? मी ऐकत होतो. ऑफिसातून आलो की हातपाय धुऊन बसायचो. बारा तबकड्या संपल्या की परत पहिल्यापासून. दोन महिने मी पोटभर ऐकलं.

फेब्रुवारीत शेवटी गेलो. स्पीकरांची मला वाटली ती खरी किंमत मनाशी धरून, पतपेढीतून उचल घेऊन, पाकीट खिशात घातलं होतं. वाटेत वाक्यं जुळवत होतो.

काकूंच्या घरातलं सामान अर्धं बांधून झालं होतं. पोत्यांत भांडी, दोरीनं बांधलेली अंथरुणं. टर्नटेबल आणि अ‍ॅम्प्लिफायर जावयानं नेऊन कुणाला तरी दिले होते. तबकड्यांची फळी रिकामी होती.

"बरं झालं आलासा," काकू म्हणाल्या. "परवा जायचंय इचलकरंजीला. बसा. कायतरी तोंडात टाका."

त्यांनी भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा आणून माझ्यासमोर ठेवला. ज्यात ठेवला ते भांडं काळं होतं, काठाला झालर असलेलं. मी हातात घेतलं आणि माझा हात थांबला. काठावर बारीक रेघा होत्या. गोल गोल, एकाला एक लागून.

"काकू, हे काय आहे?"

"चांगल्या झाल्यात न्हवं? ह्यांच्या रेकॉर्डी. लेकीच्या महिला मंडळात एक बाई शिकवते. कढत पाण्यात धरायची, मऊ झाली की तांब्यावर उलटी घालायची. मधलं भोक मेणानं बुजवायचं. लेकीनं संक्रांतीला हळदीकुंकवात हेच वाण लुटलं. सगळ्या बायका इचारायला लागल्या, कुठं मिळाल्या ओ वाट्या. मी म्हटलं, न्हाईतरी घरात पडून काय करायच्या. कायतरी उपेग झाला."

"सगळ्या?"

"दोन ठेवल्या मला. ही एक, आणि एक देवाजवळ, फुलांना."

जुळवलेली वाक्यं सगळी पळाली. मी दाण्यांकडं बघत म्हटलं, "काकू, स्पीकर खराब नव्हते."

त्या पोत्याचं तोंड बांधत होत्या. बांधायच्या थांबल्या नाहीत.

"तात्यांनी त्या दिवशी वायर उलटी लावली होती. तुम्ही चहा ठेवायला आत गेला होता, तेव्हा. म्हणून तसं वाजलं. बाबूरावांनी बांधलं होतं ते उत्तम होतं. या गावात तसा आवाज कुणाच्याही घरात नाही."

दोरीची गाठ बसली. काकू उठल्या, आणि बाबूरावांचा फोटो पुसायचा असल्यासारखा हातात घेऊन परत खाली ठेवला.

"मग गाणारी मधे बसते म्हणायचे, ते?"

"बसते. खरंच बसते. माझ्या बायकोलासुद्धा दिसली."

काकूंनी फोटोवरची माळ सरळ केली. मग म्हणाल्या, "दोन म्हैने झालं. रोज सकाळी हार घालताना मी ह्यांना म्हंते, येड्या, जल्म फुकट घालवलास आणि माझा पण घालवलास. रोज म्हंते."

मी पाकीट काढून जमिनीवर ठेवलं. "ही खरी किंमत आहे. कमी असेल तर सांगा. नाहीतर स्पीकर उद्या परत आणून देतो, नीट लावून देतो."

"आणा की," काकू म्हणाल्या. "आणि लावू काय त्याच्यावर? वाट्या?"

मी पाकीट त्यांच्याकडं जरा सरकवलं.

"तुम्हाला कधी कळलं, वायर उलटी हाय म्हणून?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि मी बोलणार होतो. मागाहून कळलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांची नजर माझ्यावर होती.

"तेव्हाच," मी म्हटलं. "पहिल्या मिनिटात."

"मी तुम्हाला इचारलं तवा ठावं हुतं?"

"हो."

काकूंनी मान हलवली, वजन मान्य केल्यासारखी.

"तात्याला मी बोलावलंच न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बोलावलं हुतं. दवाखान्यात हे मला म्हणाले, माझ्यामागं स्पीकर मगदुमांना दे. पैसे घेऊ नको. गावात कान हाय तो त्यांना एकट्याला, बाकीचे नुसते मोठेपणाला बसतात. मी म्हटलं, देईन. पण मला एकदा त्यांच्या तोंडनं ऐकायचं हुतं, की हे खरं हाय. मग तसंच देणार हुते."

पाकीट त्यांनी पायानं नाही, हातानं, नीट उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"म्हंजे स्पीकरांचं ह्यांचं बराबर हुतं," त्या म्हणाल्या. "चुकलं ते तुमच्याबाबतीत."

मी उठायला लागलो, तेव्हा त्यांनी दाण्यांकडं बोट दाखवलं. अन्न टाकून जाऊ नका म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी परत बसलो आणि त्या वाटीतला एकेक दाणा संपवला. काकू समोर बसून होत्या. मग मी निघालो आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मंडळात मी परत गेलो नाही; तात्यांनी कारण विचारलं तेव्हा बदलीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली, खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही. काकू सात-आठ वर्षांनी इचलकरंजीतच वारल्या, असं कानावर आलं. स्पीकर माझ्याकडंच आहेत. त्यांचा आवाज मला ऐकवत नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी रोज ऐकतो.